परवान्याची पाठ

कागदावर जांभळा शिक्का होता, आवक, अठरा नोव्हेंबर, आणि साल गेल्या वर्षीचं. वर्षाराणीनं तो एकदा वाचला, बोटांवर दिवस मोजले आणि पुन्हा वाचला. बघण्याचा कार्यक्रम नऊ डिसेंबरला झाला होता. म्हणजे पोहे खायला येण्याच्या तीन आठवडे आधी सोमेश्वर चिमाजी वालगुडे, राहणार मार्गासनी, ह्या इसमानं वेल्ह्याच्या वीजकचेरीला लेखी विचारलं होतं की, कु. वर्षाराणी हनुमंत खुटवड, राहणार भोर, यांचा विद्युत ठेकेदाराचा परवाना आपल्या कार्यक्षेत्रात ग्राह्य धरला जाईल काय. मुलगी काळी की गोरी हे तेव्हा त्या घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं. बायोडाट्यावरून उतरवलेला परवान्याचा नंबर मात्र बिनचूक होता, एक आकडा इकडचा तिकडं नाही. आणि लग्नाला सात महिने झाले तरी ह्याच इसमाला बायकोच्या वाढदिवसाची तारीख विचारली की तो आधी आईकडं बघायचा.

"तुमचं नाव आमच्याकडं आधीच आलंय की, ताई," टेबलापलीकडच्या वैष्णवी मॅडम म्हणाल्या. वयानं वर्षाराणीच्याच असतील. जुन्या फायलीत हवा तो कागद पहिल्या झटक्यात सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता, आणि तो आनंद समोरच्या बाईच्या संसारात कुठं जाऊन रुतलाय ह्याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी पान उलटलं. "हे बघा, उत्तरपण गेलंय आमचं. सदर परवाना संपूर्ण राज्यात ग्राह्य आहे, वेगळ्या मान्यतेची गरज नाही, नोंदीसाठी छायाप्रत द्यावी. झेरॉक्स दिली की संपलं काम. आणि हा दुसरा फॉर्म कशाला आणलाय?"

दुसरा फॉर्म तिच्या सासऱ्यांनी, चिमाजीआबांनी, स्वतःच्या हातानं भरून दिला होता. फर्मचं नवं नाव वालगुडे इलेक्ट्रिकल्स. मालकाच्या रकान्यात सोमेश्वर. त्याच्याखाली, कामावर देखरेख करणाऱ्याच्या रकान्यात, ती. आणि तळाला जिथं तिनं सही करायची तिथं आबांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारली होती, अडाणी माणसाला अंगठ्याची जागा दाखवतात तशी. "भोरचं लायसन हिकडं चालत न्हाई, पोरी. आधी ते हितल्या नावावर आलं पायजे, मंग काम," असं ते सात महिने म्हणत होते, आणि सात महिने ती भाताच्या खळ्यावर, गोठ्यात आणि चुलीपुढं थांबून राहिली होती.

"हा पुण्याला जातो. नाव बदलायचं असलं तरच," मॅडम म्हणाल्या. "बदलायचंय का तुम्हाला?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आत वर्षाराणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. कचेरीच्या फाटकाशी, तालुक्याचं नाव राजगड झाल्यावर नव्यानं रंगवलेल्या पाटीखाली, सोमेश्वर गाडीला टेकून फोनवर बोलत होता. एक पाय दुसऱ्या पायावर, डोकं खाली, आणि बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढणं चाललेलं. माणूस कुणाशी बोलताना रेघ ओढतो? बायकोशी बोलताना नाही. तिच्याशी बोलताना तो वर आढ्याकडं बघायचा. आबांशी बोलत असावा. काय सांगत असावा? आत गेलीय, होईल आता. की, कागद सापडला तर? त्याला माहीत होतं का की तो कागद हितं फायलीत आहे? माहीत असतं तर त्यानं तिला एकटीला आत पाठवलं असतं का? आणि माहीत असूनच पाठवलं असेल तर? तिला आपल्या डोक्याची गंमत वाटली. सात महिन्यांत ह्या माणसाचा तिला संशय असा कधी आला नव्हता, आणि आता पाच मिनिटांत त्याच्या बुटाच्या टोकाचासुद्धा हिशेब ती मागत होती.

पण चूक तिचीही होती, आणि ती अशी होती की कुणाला सांगायची सोय नव्हती. परवाना तिचा. परीक्षा तिनं दिलेली, मुलाखतीत साहेबानं विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिलेली. आणि तो कुठपर्यंत चालतो हे तिला माहीत नव्हतं. भोरमध्ये सगळ्यांनाच असं वाटायचं. तिचे वडील, हनुमंततात्या, तीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली वायरमन होते. त्यांच्या तोंडचं वाक्य होतं की, नसरापूरच्या पलीकडं आपली सही न्हाई. का, हे तिनं विचारलं नाही. गावाला जशी शीव असते तशी सहीलाही असेल. भोरचे ठेकेदार वेल्ह्यात जात नसत, वेल्ह्याची कामं भलत्याच कुणाच्या शिक्क्यानं होत, आणि एकमेकांच्या हद्दीत कुणी पाय घालत नसे. ठेकेदारांनी आपसात भांडणं नकोत म्हणून कधीतरी ठरवलेली गोष्ट वर्षानुवर्षं ऐकून ऐकून सरकारी नियमाच्या आवाजात बोलू लागली होती. खरा नियम परवान्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापला होता. पण परवाना आला त्या दिवशी तात्यांनी तो भोरच्या चौपाटी चौकातल्या दुकानातून फ्रेम करून आणला आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दारातूनच दिसेल असा लावला. लेकीचं नाव पुढं, अटी भिंतीकडं. झेरॉक्स काढायची वेळ आली की तात्या मोबाईलवर काढलेल्या फोटोची काढत, पुढच्या बाजूची. ती पाठ कुणी वाचलीच नाही.

आता ते कौतुक आठवताना तिला वाटलं, तात्यांनीही वाचली नसेल? तीस वर्षं ह्याच धंद्यात घालवलेल्या माणसानं? फ्रेम करून आणेपर्यंत कागद दोन दिवस त्यांच्याकडं होता. लेक हद्द ओलांडून गेली तर भोरच्या ठेकेदारांचं तोंड आपल्याला बघावं लागेल, असं तर त्यांच्या मनात आलं नसेल? आणि मग त्याच लेकीला त्यांनी हद्दीच्या पलीकडं का दिली? ती थांबली. वडिलांपर्यंत संशय नेण्याएवढं तिचं काही हरवलं नव्हतं. निदान अजून तरी.

पोह्यांचा दिवसही मग आपोआप समोर आला, पण आता त्याला वेगळा उजेड होता. सोमेश्वरनं त्या दिवशी तिच्याकडं दोनदाच बघितलं होतं. बाकीचा सगळा वेळ तिच्या डोक्यावरून भिंतीकडं. मुलगा लाजाळू आहे, असं तिच्या आईनं स्वयंपाकघरात जाहीर केलं होतं आणि मावशीनं त्याला दुजोरा दिला होता. भिंतीवर काय होतं? एक कॅलेंडर, आजोबांचा फोटो आणि ती फ्रेम. कॅलेंडर तर गेल्या महिन्याचंच राहिलं होतं.

"ताई, नोंद करू ना? पत्ता कुठला घालू, भोरचा का मार्गासनीचा?"

"परवान्यावर जो आहे तो," वर्षाराणी म्हणाली. आवाज नीट आला ह्याचं तिला बरं वाटलं. मॅडमनी जाड वहीत तिचं माहेरचं पूर्ण नाव लिहिलं, तिनं झेरॉक्स देऊन पुढं सही केली, आणि फुलीचा फॉर्म तिनं चौघडी घालून पिशवीत ठेवला. बाहेर पडताना तिनं मोबाईलवर त्या पत्राचा फोटो काढायची परवानगी मागितली. मॅडम हसल्या. "आठवण म्हणून का? माझ्या नवऱ्यानं तर लग्नाआधी माझ्यासाठी साधी चिठ्ठीपण लिहिली नाही."

गाडीवर मागं बसणं ही गोष्ट संशयी माणसासाठी फार वाईट. समोर नुसती पाठ असते आणि पाठीला तोंड नसतं. वेल्ह्याचा बाजार मागं पडला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या भाताची खुंटं, मधे मधे पेंढ्याच्या गंजी, आणि दर फर्लांगावर पुण्याच्या कुणा साहेबानं घातलेलं तारेचं कुंपण. कुंपणाच्या आत अजून घर नाही, पण फाटकाचे खांब मात्र आधी. सोमेश्वरच्या शर्टाच्या कॉलरवर घामाची जुनी रेघ होती. कालच धुतला होता तिनं, तरी निघाली नव्हती. ह्या पाठीला धरून ती सात महिने बाजारला, डॉक्टरकडं, माहेरी गेली होती. ह्या पाठीनं मनात काय काय धरून ठेवलं होतं? रात्री तो झोपेत कूस बदलायचा तेव्हाही तिच्याकडं ही पाठच यायची आणि ती समजायची की थकलाय. विंझरच्या पुढं विजेच्या एका डीपीपाशी तिनं त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

"थांबवा जरा."

"का? काय राह्यलं का हाफिसात?"

"काही राहिलं नाही. उलट एक जास्तीचं मिळालं." ती उतरली आणि तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला.

त्यानं उन्हात डोळे बारीक करून फोटो वाचला. स्वतःचं अक्षर ओळखायला माणसाला किती वेळ लागावा? तिच्या हिशेबानं त्यानं गरजेपेक्षा चार-पाच सेकंद जास्त घेतले.

"व्हय. माझंच हाय," तो म्हणाला.

"बघायला यायच्या आधी?"

"चौकशी आधीच करत्यात, वर्षा. बघितल्यावर कशी करायची?"

"माणसं मुलीची चौकशी करतात."

"तुझीबी केली की. पर ती आईनं केली." सोमेश्वर गाडीच्या टाकीवर रेलला आणि घरातली कामं वाटून दिल्यासारखा बोटांवर मोजत सांगू लागला. "आमच्यात चौकशी वाटून घेत्यात. आई भोरला तुमच्या आळीत जाऊन आली; शेजारणी, सैपाक, सोभाव, सगळं तिच्याकडं. आबांकडं सोयरीक, भाऊबंद, कुणाचं कुणाशी वाकडं हाय का. आन् मला म्हणले, तू लायनीतला हायेस, लायसन खरं का खोटं ते तू बघ. माझ्या वाट्याला जेवढं आलं तेवढं म्या बघितलं."

वर्षाराणीला हसू येत होतं, आणि ते येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. "आणि उत्तर आलं ते?"

"आबांनी ठिवलं."

"तुम्ही वाचलं?"

डीपीच्या आत कुठंतरी एकसुरी घूं चाललं होतं. "वाचलं," तो म्हणाला. "आबा म्हणले, आधी फर्म हुंदे, मंग सांगू. एकदा म्हणलो बी म्या त्यांना, की तिला सांगावं. मंग राह्यलं."

"सात महिने राहिलं."

"आता राह्यलं खरं." मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं, आणि ते बघणं तिला आवडलं नाही, त्यात बचाव नव्हता. "पर एक इचारू? तू तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हिकडं कशाला आली व्हतीस? एकटी, स्कूटीवर?"

तिचा हात मोबाईलसकट खाली आला. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती. तात्यांना नाही, मैत्रिणींनाही नाही. मैत्रिणींना तिनं सांगितलं होतं की मुलगा शांत वाटला म्हणून हो म्हटलं. स्थळ आलं होतं दिवाळीत. त्या दिवशी ती कापूरहोळला मामेबहिणीकडं जाते म्हणून निघाली आणि नसरापूरवरून आत वळली. मार्गासनीपर्यंत तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजू मोजल्या होत्या. तारेची कुंपणं एक्केचाळीस. स्लॅब पडलेली, अजून मीटर न बसलेली घरं नऊ. ठेकेदाराची पाटी एकही नाही. फाट्यावरच्या टपरीत तिनं चहा घेतला आणि टपरीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, हितं मीटरच्या कागदावर सही कोण करतं, आणि भोरची चालते का. त्याला माहीत नव्हतं. परत जाताना, चेलाडी फाट्याच्या अलीकडं, तिनं मनातल्या मनात ह्या स्थळाला होकार दिला होता. मुलाचा फोटो तेव्हा तिच्या पर्समध्येच होता. तो बाहेर काढायची गरज पडली नव्हती.

"टपरीवाला भिमा माझा चुलतभाऊ," सोमेश्वर म्हणाला. "त्यानं त्याच राती सांगितलं, भोरची एक पोरगी लायसनचं इचारत व्हती, निळी स्कूटी. म्या वळखलं. मंगच तर पत्र टाकलं. तुला उत्तर मिळालं नव्हतं, म्हणलं आपण काढून ठिवू."

तुळशीचं लग्न तेराच्या आसपास. पत्र अठराला. मधे एक रविवार. दिवस जुळत होते, माणसं जुळत होती, निळी स्कूटी तर जुळतच होती. सगळं इतकं नीट जुळलं की तिला पुन्हा शंका आली. हे खरं होतं, की मघाशी फाटकाशी रेघा ओढत त्यानं जुळवून ठेवलेलं? भिमानं सांगितलं हे तर खरंच असणार. पण त्यावरून पत्र लिहिलं ते तिच्यासाठी, की सापडलेली कोंबडी अंड्यावर आहे का बघायला? आणि तो तरी हाच प्रश्न तिच्याबद्दल वर्षभर विचारत आला नसेल कशावरून? एक्केचाळीस कुंपणं मोजणारी बाई आपल्याकडं वळून बघते तेव्हा नक्की काय बघते? तिला एकाएकी वाटलं की गेले सात महिने ह्या घरात दोन माणसं एकमेकांना तपासत झोपत होती, आणि दोघंही दुसऱ्याला भोळं समजत होती.

"घरच्यांना माहीत होतं? मी आले होते ते?"

"आईला. आई म्हणली, हिशेबी हाय, चालंल."

ती परत मागं बसली. आता ती पाठ तिला निराळी दिसत होती, पण बरी की वाईट ते ठरत नव्हतं.

मार्गासनीच्या अलीकडं रस्त्यावरून वर, मुरमाच्या चढावर, सोजरामावशीचं नवं घर होतं. मेंढरं विकून, दोन वर्षांत जमेल तसं बांधलेलं. वायरिंग सोमेश्वरनं केलं होतं आणि मीटर मिळायला लागणारा टेस्ट रिपोर्टचा कागद दोन महिने ठेकेदाराच्या सहीवाचून पडला होता. त्यानं गाडी तिकडं वळवली. "मघाशी मावशीशीच बोलत व्हतो फोनवर. जाता जाता सही मारून टाक. म्हातारी अंधारात बसतीया."

आबांशी नव्हता तर. की मावशीशीही बोलला आणि आबांशीही?

सोजरामावशी दारातच होती. "आली का सहीवाली? बस, पोरी. च्या टाकते. लेकानं टीव्हीबी आणून ठिवलाय, भिताडाकडं तोंड करून बसलाय नुसता."

"बसते, मावशी. आधी बघते."

"काय बघायचं त्यात?" सोमेश्वर म्हणाला. "म्या केलंय."

"म्हणूनच."

काम चांगलं होतं, हे तिला कबूल करावं लागलं. वायरच्या पट्ट्या ओळंब्यात, वळणं सफाईची, बोर्डाच्या आत तारा वेणी घातल्यासारख्या. तिनं स्क्रू काढून एकेक पॉइंट पाहिला. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक प्लगपर्यंत आलेली. जिथं कुणी बघत नाही तिथंही. कुणाचं तरी भलं व्हावं अशी इच्छा असलेल्या माणसाचं काम दिसत होतं ते, आणि क्षणभर तिला वाटलं, पुरे. पेन पिशवीत होतं. पण पाय तिला घराच्या मागं घेऊन गेले. तिथं ती हिरवी तार भिंतीवरून उतरून जमिनीत शिरली होती. भोवती माती चांगली चोपून बसवलेली, वर चार दगडही रचलेले. तिनं वाकून तार धरली आणि ओढली. पहिल्यांदा हलली नाही. दुसऱ्यांदा ती अलगद वर आली, उपटलेल्या हरळीसारखी, वीतभर. टोकाला काही नव्हतं. खाली अर्थिंगला लागतो तो पाइप नाही, खड्डा नाही, मीठ-कोळसा नाही. एवढ्या सुबक कामाचा शेवट वीतभर मातीत.

वर्षाराणीनं ते टोक नवऱ्यापुढं धरलं. सोमेश्वर तार बघत राहिला, मग आढ्याकडं बघायची सवय म्हणून त्यानं वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं.

"ते म्या मुद्दाम ठिवलं व्हतं," तो म्हणाला. "तू बघतीस का न बघताच सही करतीस, ते बघायला."

सोजरामावशी फिसकन हसली. "आता गं बया!"

हे खोटं असेल तर इतकं चटकन सुचलेलं खोटं त्याच्याकडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि खरं असेल तर ते पत्रापेक्षाही वाईट होतं. तिनं त्याच्या तोंडावर उत्तर शोधलं. तिथं ऊन होतं, दाढीचे खुंट होते आणि जरासं हसू होतं, जे दोन्ही बाजूंना चाललं असतं. एक मात्र तिला लख्ख कळलं. फॉर्मवरच्या फुलीवर तिनं काल सही केली असती, तर आज ती इथं देखरेख करणारी असती आणि मालक म्हणाला असता, सही मार. आणि कुठल्या तरी पावसाळ्यात ओल्या हातानं टीव्ही लावणारी म्हातारी तिच्या नावावर गेली असती.

"मावशी, पहार आहे का?"

"हाय की."

"ह्यांना द्या."

"हिकडं दोन फुटाची रीत हाय," सोमेश्वर म्हणाला.

"पुस्तकात आठ आहे."

मुरूम कडक होता. त्यानं शर्ट काढून कुंपणावर टाकला आणि खणायला लागला. ती काठावर उभी राहिली आणि मधे मधे सोजरामावशीच्या काठीनं खोली मोजत राहिली. उन्हं राजगडाच्या बाजूला कलली तेव्हा तो छातीएवढा आत होता, अंगभर लाल माती. मावशीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो खड्ड्यातच उभा राहून प्यायला.

"फॉर्मवर मी सही करणार नाही," वर्षाराणी वरून म्हणाली. "आज नाही, नंतरही नाही. काम मी करीन, माझ्या नावानं. तुम्ही वायरमन म्हणून या, आवडलं तर."

त्यानं तांब्या कडेला ठेवला. "आबांना सांगायला पायजे मंग."

"तुम्ही सांगा."

"घरी गेल्यावर सांगतो."

"आत्ता."

त्यानं मातकट हात पँटला पुसले, मोबाईल काढला, नंबर लावला आणि कानाला नेला.

"स्पीकरवर," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. खड्ड्यातून बघताना माणूस लहान दिसतो की खरा दिसतो, हे तिला ठरवता येईना. मग त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं. रिंग मुरमाच्या भिंतीत घुमली.

"हां, बोल," चिमाजीआबांचा आवाज आला. "केली का पोरीनं सही?"

"न्हाई, आबा," सोमेश्वर म्हणाला. "आन् करायची बी न्हाई. लायसन तिचंच ऱ्हाईल. म्या बी तेच म्हणतोय."

सोजरामावशीनं पदर तोंडाला लावला. आणि वर्षाराणी खड्ड्याच्या काठावर उभी राहून विचार करत होती की हे शेवटचं वाक्य तिनं मागितलं नव्हतं. मग हे त्यानं कधीपासून तयार ठेवलं असावं?